सिद्धेश्वर देव की देवाचे भक्त? आणि ‘देव मानणे’ म्हणजे नेमके काय मानणे?

बाळीवेसकर (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मूळ प्रश्न माझ्या नातीचा आहे आणि तिचे समाधान होईल असे उत्तर मला देता आले नाही, म्हणून तो येथे मांडत आहे. यंदा सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत (संक्रांतीच्या जत्रेत) संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे त्यांच्या योगदंडाशी लागणारे प्रतीकात्मक लग्न, पाहून परतताना तिने विचारले, ‘आजोबा, आपण हात जोडले ते सिद्धेश्वर देव आहेत की देवाचे भक्त?’ मी म्हणालो, दोन्ही. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता: भक्त असतील तर त्यांचा देव वेगळा असला पाहिजे, आणि स्वतःच देव असतील तर ते आंध्रातल्या श्रीशैलाला कोणाला शोधायला गेले होते?

विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले की आमच्या एकाच घरात या बाबतीत चार मते नांदत आहेत. माझी पत्नी वारकरी आहे. तिचा देव विटेवर उभा आहे, त्याला डोळे आहेत आणि तो तिची वाट पाहतो. माझे थोरले बंधू उपनिषदे वाचतात. देव हा ‘कोणी’ नसून सर्वत्र असणारे चैतन्य आहे, असे ते म्हणतात आणि वहिनींच्या देवपूजेकडे थोड्या कौतुकाने, थोड्या अनुकंपेने पाहतात. मी स्वतः सिद्धेश्वरांना मानतो, पण म्हणजे काय करतो, हे नातीने विचारेपर्यंत मी स्वतःला कधी विचारले नव्हते. चौथा माझा मुलगा. देव असल्याचा पुरावा नाही, असे तो स्वच्छ सांगतो. तरीही दरवर्षी संक्रांत जवळ आली की पांढरी बाराबंदी इस्त्री करून ठेवतो आणि नंदीध्वजाची, म्हणजे यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच ध्वजाची, काठी पेलायला जातो. त्या दिवसांत त्याला दुसरे काही सुचत नाही.

माझा प्रश्न असा की, या चौघांत खरोखर मतभेद आहे, की चौघे वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत? ‘देव आहे’ हे एकच विधान आहे का? आणि माझा मुलगा नास्तिक आहे, असे म्हणावे का? एक विनंती: ‘मार्ग वेगळे, ईश्वर एक’ हे उत्तर कृपया देऊ नये. ते मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि त्याने आमच्या घरातला एकही वाद मिटलेला नाही.

सोन्नलगी

आपल्या नातीचा प्रश्न सिद्धरामांच्या, म्हणजेच सिद्धेश्वरांच्या, चरित्रातच दडलेला आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो. तेराव्या शतकातील कन्नड कवी राघवांक याने सिद्धरामांचे चरित्र काव्यात लिहिले. त्यातली बालपणीची कथा सोलापुरात बहुतेकांना ठाऊक असते, पण तिच्यातल्या एका वाक्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

गुरे राखणारा एक अबोल मुलगा. शेतात मल्लय्या नावाचा जंगम त्याच्यापुढे येतो आणि हुरडा मागतो. मुलगा हुरडा भाजून देतो. मग जंगम दहीभात मागतो, तो आणायला मुलगा घरी धावतो आणि परत येतो तो शेतात कोणीच नाही. मल्लय्या कोठे भेटेल, असे विचारत तो श्रीशैलाला निघालेल्या यात्रेकरूंच्या मेळ्यात सामील होतो. तेथे पोहोचल्यावर यात्रेकरू त्याला गाभाऱ्यातले मल्लिकार्जुनाचे लिंग दाखवतात आणि हाच मल्लय्या, असे सांगतात. मुलगा म्हणतो, हा माझा मल्लय्या नव्हे. आणि रडत रानोमाळ हाका मारत सुटतो. पुढे तो कड्यावरून उडी घेतो आणि त्याला प्रत्यक्ष मल्लय्याच झेलतो.

या प्रसंगात नास्तिक कोणीही नाही. मल्लय्या आहे, याविषयी यात्रेकरूंना शंका नाही आणि मुलालाही नाही. तरीही ज्याकडे बोट दाखवून यात्रेकरू ‘हा’ म्हणतात, त्याच्याकडेच पाहून मुलगा ‘नव्हे’ म्हणतो. त्याला दगडाचे वावडे आहे असेही नाही. त्याला भेटलेल्याने हुरडा खाल्ला होता, त्याच्याशी बोलणे झाले होते आणि दहीभाताचा शब्द अजून पाळायचा राहिला होता. यात्रेकरूंचा देव दर्शनाचा होता, या मुलाचा देव देण्याघेण्याचा.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हाच मुलगा सोन्नलगीला (सोलापूरचे जुने नाव) परतून स्वतः लिंगस्थापना करतो. भोगीच्या दिवशी नंदीध्वज ज्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकासाठी फिरतात, ती त्यांनीच स्थापिली, अशी परंपरा आहे. शेकडो माणसे हाताशी घेऊन ते तलाव खोदतात. मग एके दिवशी वीरशैव संत अल्लमप्रभू येतात आणि ‘तो वड्डर (माती-दगडाचे काम करणारा) कोठे आहे?’ अशी आरोळी देतात. गुरूंचा असा उल्लेख ऐकून कामावरची माणसे चिडतात आणि त्यांच्यावर दगड फेकतात, असे वीरशैव परंपरेत सांगितले जाते. अल्लमांचा आक्षेप तलावाच्या पाण्यावर नव्हता. देवळे आणि तलाव उभारून देव बाहेर बसवला की तो बाहेरच राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर सिद्धराम कर्नाटकातल्या कल्याणला, बसवण्णांच्या शरणांमध्ये, गेले आणि चेन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगाची (अंगावर धारण करून तळहातावर पूजायच्या लिंगाची) दीक्षा घेतली. तेथील विचार बसवण्णांच्या एका वचनात (शरणांच्या कन्नड गद्यकाव्यात) स्पष्ट आहे: श्रीमंत शिवालये बांधतील, मी गरीब काय करू, माझे पायच खांब, देहच देऊळ, शिर हाच सोन्याचा कळस, स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही.

म्हणजे एकाच आयुष्यात तीन कल्पना झाल्या: रानात भेटलेला, गावात स्थापिलेला आणि तळहातावर धरून आत शोधायचा. गंमत अशी की सिद्धरामांच्या वचनांखालची मुद्रिका, म्हणजे शेवटी येणारे देवाचे नाव, ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ हीच आहे. नाव तेच राहिले की आपल्याला वाटते, कल्पनाही तीच राहिली असेल. चौथी कल्पना त्यांच्यानंतर लोकांनी केली: समाधीला हात जोडणारा सोलापूरकर स्वतः सिद्धरामांनाच देव मानू लागला. सिद्धरामांशी लग्न करू इच्छिणाऱ्या कुंभार कन्येची आख्यायिका आणि योगदंडाशी लागणारे प्रतीकात्मक लग्न हे सारे या चौथ्या थरातले आहे.

तेव्हा माझे मत असे की ‘देव आहे का’ हा प्रश्न घरात विचारून फारसे काही हाती लागत नाही. त्याऐवजी ‘तुझ्या देवाजवळ काय मागता येते आणि त्याच्यावर रागावता येते का’ असे विचारून पाहावे. आपल्या पत्नीला विठ्ठलाशी भांडता येईल; संत त्याच्याशी भांडतच आले आहेत. आपल्या बंधूंना चैतन्याशी भांडता येणार नाही, कारण भांडायला समोर कोणी दुसरा उरतच नाही. हा भेद खरा आहे आणि तो गोड बोलून पुसता येणार नाही.

तर्कपंथी

वरील प्रतिसाद सुंदर आहे, परंतु तो मूळ प्रश्नाला बगल देतो. कोणाजवळ काय मागता येते, यावरून मागणाऱ्याचा स्वभाव कळेल. ऐकणारा आहे की नाही, हे कळणार नाही. देव असणे किंवा नसणे ही वस्तुस्थितीची बाब आहे आणि आपल्याकडच्या शास्त्रकारांनी तिला तसेच हाताळले आहे. आजच्या भाविकांना ‘असे प्रश्न विचारू नयेत’ असे वाटते, ते त्या शास्त्रकारांना कधीच वाटले नव्हते. ऋग्वेदातील नासदीय सूक्त तर सृष्टी कोठून आली हे तिचा जो परम आकाशातील अध्यक्ष आहे तो जाणतो, ‘किंवा तोही जाणत नसेल’, असे म्हणून थांबते.

पुराव्याचा प्रश्न नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, सर्वांत गंभीरपणे घेतला. घट आहे म्हणजे कुंभार असला पाहिजे. जगही कार्य आहे, म्हणून त्याचाही कर्ता असला पाहिजे, हे त्यांचे अनुमान. दहाव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हा युक्तिवाद शिखराला नेला. त्यांच्याविषयीची दंतकथाही मासलेवाईक आहे. पुरीला जगन्नाथाचे दार बंद आढळले, तेव्हा ते देवालाच म्हणाले की तू ऐश्वर्याने मातला आहेस, पण बौद्ध समोर येतील तेव्हा तुझे अस्तित्व माझ्या हाती आहे. सोन्नलगी यांच्या कसोटीवर हे गृहस्थ उत्तम भक्त ठरतात, कारण त्यांना देवावर रागावता येत होते. पण त्यांनी रागावण्यापूर्वी प्रमाण दिले होते, हे विसरू नये.

या अनुमानावर तुटून पडले ते केवळ चार्वाक किंवा बौद्ध नव्हते. वेदांचे कट्टर अभिमानी कुमारिल भट्ट यांनी विचारले की ईश्वराने जग का निर्माण केले? करुणेने म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणा करायला दुःखी जीव होते कोठे? आणि करुणेनेच केले असेल, तर मग सगळेच सुखी का नाहीत? सांख्यसूत्रांत ईश्वर सिद्ध होत नाही, असे सरळ म्हटले आहे. सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण रामानुजाचार्यांचे आहे. ते परम विष्णुभक्त होते, तरीही श्रीभाष्यात त्यांनी कुंभाराचे अनुमान मोडून काढले. घटाला एक कर्ता असतो म्हणून सबंध जगाला एकच कर्ता, तोही देहरहित आणि सर्वज्ञ, हे कशावरून? ईश्वर केवळ शास्त्रावरून कळतो, तर्कावरून नाही, हा त्यांचा निष्कर्ष. माझ्या दृष्टीने तो पराभवाचा कबुलीजबाब आहे. त्यांच्या दृष्टीने ती ईश्वराची प्रतिष्ठा आहे.

आता आपल्या मुलाविषयी. कुमारिलांसारख्या मीमांसकांना, म्हणजे वेदातील विधींचा अर्थ लावणाऱ्यांना, यज्ञ हवा होता, विधी अक्षर न चुकता हवा होता, पण जगाचा कर्ता ईश्वर त्यांना नको होता. देव न मानता काठी पेलणारा तरुण सोलापुरात विचित्र वाटत असेल. भारतीय दर्शनांच्या इतिहासात त्याला मानाची जागा आहे. मात्र ‘नवस फेडला आणि गुण आला’ असे घरात कोणी म्हणत असेल, तर ते विधान तपासण्याजोगे आहे. नवस फळला नाही असे लोक ते सांगायला यात्रेत येत नाहीत, एवढे तरी मोजताना लक्षात ठेवावे.

फलटण गल्लीतली श्राविका

दर्शनांची यादी निघालीच आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. आम्ही दिगंबर जैन. मी रोज मंदिरात जाते, अभिषेक पाहते, अष्टद्रव्यांनी पूजा करते. जगाचा कर्ता कोणी आहे, असे आमचे शास्त्र मानत नाही. ज्या तीर्थंकरांपुढे मी उभी राहते ते वीतराग आहेत, म्हणजे माझ्या पूजेने ते प्रसन्न होत नाहीत आणि पूजा चुकली तरी रागावत नाहीत. तत्त्वार्थसूत्राच्या मंगलाचरणात वंदनाचे कारण ‘वन्दे तद्गुणलब्धये’ असे दिले आहे, म्हणजे त्यांचे गुण मला लाभावेत म्हणून मी वंदन करते.

सोन्नलगी यांच्या कसोटीवर आमच्या देवाजवळ काहीच मागता येत नाही आणि त्याच्यावर रागावताही येत नाही. तरीही तो देव आहे आणि मी नास्तिक नाही. मागण्यावरून देव ओळखायचा, ही सवय मला भक्तिमार्गी घरातली वाटते. (आमच्यातही अनेक जण पद्मावतीदेवीजवळ संसारातले मागणे मागतातच, हे प्रामाणिकपणे नमूद करते. तो वाद आमच्या घरात स्वतंत्रपणे चालतो.)

पूर्वभागकरीण

मी पद्मशाली समाजातली, माहेर आणि सासर दोन्ही पूर्व भागात. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. कथा सर्वांना माहीत आहे: सोळा वर्षांचेच आयुष्य लाभलेला मुलगा, न्यायला आलेला यम, मुलाने लिंगाला मारलेली मिठी आणि लिंगातून प्रकटलेला शिव. ती लहानपणापासून ऐकताना मला एक गोष्ट जाणवत आली आहे. या कथेत यम चुकलेला नाही. मुदत भरली होती आणि तो आपले काम करीत होता. शिवाने येऊन नियम मोडला. तर्कपंथी ज्या कर्त्याविषयी बोलतात तो नियम करणारा आहे. आमच्या कथेतला देव नियम थांबवणारा आहे. पहिला आहे असे सिद्ध झाले, तरी त्यावरून दुसऱ्याविषयी काहीच कळत नाही.

वडील अखेरच्या आजारात असताना मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून असे. डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल आणून दिला, तो मी नीट वाचला, त्यातला आकडा मला समजला, आणि तो समजल्यानंतर मी मार्कंडेयाचे नाव घेतले. त्या वेळी मी कोणतेही विधान करीत नव्हते. अहवाल खोटा ठरेल, असेही मला वाटत नव्हते. तेथे बसलेला माणूस कुमारिल आणि रामानुज यांच्यात निवड करीत नसतो. मागणे हे मत नव्हे, ते खरे किंवा खोटे कसे ठरवणार?

तर्कपंथी

आपल्या दुःखाचा मान राखूनच लिहितो. मागणे स्वतः खरे किंवा खोटे नसते, हे मान्य. पण मागणे ऐकणाऱ्याला उद्देशून असते. रिकाम्या खोलीत कोणी आहे असे वाटल्याखेरीज आपण ‘जरा पाणी द्या’ म्हणत नाही. आपण ते विधान केले नाही, तरी त्याच्यावर उभे राहून बोललात.

पूर्वभागकरीण

उभी राहिले की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. खोलीत कोणी आहे का, हे पाहण्यासाठीही माणूस हाक मारतो. सिद्धरामांनी श्रीशैलाच्या रानात मारलेल्या हाका यांपैकी कोणत्या प्रकारच्या होत्या, हे सोन्नलगी यांनी सांगावे.

विजापूर वेस

मागण्याच्या मुद्द्यावर आमच्या घरातली स्थिती सांगतो, कारण ती आपल्या नातीच्या प्रश्नाला फार जवळची आहे. कुराणातल्या सूरह इख्लासच्या चार आयतींत अल्लाह एक आहे, त्याने कोणाला जन्म दिला नाही, तो कोणापासून जन्मला नाही आणि त्याच्या तोडीचे कोणीही नाही, इतके नि:संदिग्धपणे सांगितले आहे. आमच्या घरात यावर दुमत नाही. तरीही वालिद (वडील) दर गुरुवारी दर्ग्यात फातिहा पढायला जातात आणि धाकटा भाऊ त्यांना विरोध करतो. वालिद म्हणतात, मी पीरांजवळ मागत नाही, त्यांच्या वसील्याने (मध्यस्थीने) अल्लाहजवळ मागतो. भाऊ म्हणतो, मग मध्ये कोणी कशाला हवे, आणि तुमच्या शेजारी चादर चढवणारा प्रत्येक जण हा फरक पाळतो का?

दोघेही सुशिक्षित आहेत, दोघांचा ईमान पक्का आहे आणि दोघेही या वादाला क्षुल्लक मानत नाहीत. म्हणून प्रश्नकर्त्यांची विनंती मला योग्य वाटते. ‘शेवटी सारे एकच’ असे त्यांना सांगितले, तर दोघेही समान दुखावतील. सिद्धेश्वरांविषयी नातीने विचारलेले हेच आहे: हात त्यांना जोडायचे की त्यांच्यामार्फत? श्राविकाताईंचे उत्तर या दोन्हींहून निराळे आहे, म्हणून मला ते विशेष वाटले.

बाळीवेसकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. ही चर्चा मी घरात वाचून दाखवली. बंधू म्हणाले की आमच्या पत्नीचा देव सगुण आणि त्यांचा निर्गुण, ही वाटणीच चुकीची आहे, कारण वारकऱ्यांच्या तुकोबांनीच ‘आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाही ऐसा मनीं अनुभवावा’ असे म्हटले आहे. त्यावर पत्नीने उत्तर दिले की तुकोबांना ते म्हणण्याचा अधिकार होता, कारण त्यांनी आधी आयुष्यभर ‘आहे’ म्हटले होते. भावोजींनी थेट दुसऱ्या चरणापासून सुरुवात केली आहे. बंधू त्या दिवशी जेवताना फारसे बोलले नाहीत.

मुलगा मात्र मीमांसक ठरवला गेल्यामुळे नाराज झाला. त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत देतो: ‘काठी पेलताना मी काहीही मागत नाही आणि विधी बरोबर चालला आहे का, याचाही विचार करीत नाही. कमरेवर भार असतो, नजर वर असते आणि भोवतालचे हजारो लोक एका सुरात हर्र बोला हर्र म्हणत असतात. काठी कलली तर सावरायला शेजारचा हात पुढे येतो, तो कोणत्या जातीचा आहे हे मी पाहत नाही आणि तोही पाहत नाही. यात देव कोठे आहे ते मला माहीत नाही. नसला तरी मी पुढच्या वर्षी जाणार.’

यावर आपले काय मत आहे?

सोन्नलगी

आधी पूर्वभागकरीण यांच्या प्रश्नाविषयी. सिद्धरामांच्या हाका ऐकणाऱ्यावर भरवसा ठेवून मारलेल्या होत्या, असे मी म्हणेन, कारण त्यांची भेट आधीच झालेली होती. ते देव आहे का ते तपासत नव्हते, हरवलेल्याला शोधत होते. ज्याची भेट कधी झालेलीच नाही, त्याची हाक वेगळी असते, आणि तेथे तर्कपंथी यांचा आक्षेप मला टाळता येत नाही. श्राविकाताईंमुळे माझी कसोटी अपुरी पडते, हेही उघड आहे. ‘काय मागता येते’ याला ‘आणि त्याच्यासारखे होता येते का’ हा दुसरा प्रश्न जोडावा लागेल. विठ्ठलासारखे व्हायचे, असे वारकरी म्हणत नाही. तीर्थंकरांसारखे व्हायचे, हे मात्र श्रावकाचे ध्येयच आहे. वचनांतल्या शरणांचे (बसवण्णांच्या परंपरेतल्या शिवभक्तांचे) उत्तर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते, आणि सिद्धराम आधी भक्त व मागून देव कसे झाले, याचा धागा मला तेथे दिसतो.

आपल्या मुलाच्या बाबतीत मात्र मी तर्कपंथी यांच्याशीही सहमत नाही आणि जे भाविक त्याला ‘हीच खरी भक्ती’ असे सांगून गोंजारतील त्यांच्याशीही नाही. त्याने ‘देव कोठे आहे ते मला माहीत नाही’ असे म्हटले आहे. त्याचे वाक्य आपण आपल्या सोयीने बदलू नये. पूर्वी तो ‘पुरावा नाही’ म्हणत होता आणि आता ‘माहीत नाही’ म्हणतो आहे, एवढा फरक पडला आहे. तो त्याला स्वतःला जाणवला आहे का, हे आपण त्याला विचारू शकता, पण शक्यतो संक्रांतीच्या आठवड्यात विचारू नये.

तर्कपंथी

‘माहीत नाही’ हे नासदीय सूक्ताचे उत्तर आहे आणि ते मला मीमांसकाच्या उत्तरापेक्षा अधिक पसंत आहे, म्हणून त्याला चिकटवलेले नाव मी मागे घेतो. नातीला मात्र सरळ सांगता येईल की सिद्धरामांच्या वचनांत पाहिले तर ते भक्त आहेत, तळ्यातल्या देवळात पाहिले तर देव आहेत, आणि ही दोन उत्तरे दोन वेगळ्या काळांतल्या लोकांनी दिलेली आहेत. यांतले कोणते बरोबर, हे ती मोठी झाल्यावर ठरवील. सध्या तिने श्रीशैलाविषयी विचारलेला प्रश्न तेवढा कोणी ‘लहान आहेस’ म्हणून बंद करू नये.